नादार वादी

शिक्षा सात वर्षांची होती.
ती मी भोगतोय, तक्रार नाही.
भावकीच्या भांडणात हात माझाच उठला होता,
त्याबद्दल इथे एक अक्षर बोलणार नाही.
पण निकालपत्र मी तीनदा वाचून घेतलंय.
डावा डोळा त्यात कुठेही नाही.

तुरुंगातला चार नंबरचा माग, टॉवेलचा.
धोट्यापुढची जाळी गंजून गळालेली.
मी म्हणालो, सुभेदार, धोटा उडतोय.
दिवाळीआधी म्हणालो, दिवाळीनंतर म्हणालो.
अशोक चौकामागचा पद्मशाली मी,
नवव्या वर्षापासून कांड्या भरलेला,
खडखडाट जरा बदलला
तर झोपेतून उठून बसणारा.
सुभेदारांनी वहीत लिहिलं : कळवले.
कोणाला, ते वहीलाही माहीत नाही.

धोटा सोमवारी उडाला.
त्याच्या टोकाला लोखंड असतं.

सिव्हिलला न्यायचं तर गार्ड लागतो,
आणि गार्ड सगळे गड्ड्यावर,
नंदीध्वजांच्या मिरवणुकीला, पाळण्यांच्या गर्दीला.
सिद्धरामेश्वरावर माझा राग नाही.
तीन रात्री बराकीत
डोळ्यावर ओला पंचा धरून ऐकत होतो
मौत का कुवामधली मोटारसायकल,
गरगर, गरगर,
जणू माझ्याच कवटीत फिरतेय.
चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
परवा आणायला हवं होतं.
हळूच म्हणाल्या, तरी हवालदाराने ऐकलं
आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

मोफत कायदा सल्ल्याच्या हत्तुरे वकीलबाई
रिक्षातून आल्या, पिशवीत डबा आणि कोरे कागद.
म्हणाल्या, सरकारवर दावा लावू.
सरकारवर? त्यांच्याच कोठडीत बसून?
त्या म्हणाल्या, सही येते ना तुम्हाला?

आधी नोटीस, मग दोन महिने वाट.
कोर्ट फी भरायला पैसे नाहीत
म्हणून नादार ठरायचं, मालमत्तेची यादी द्यायची.
मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या :
ताट एक, वाटी एक, चंबू,
सतरंजी, सदरे दोन...
मग पेन थांबलं. अहो, हे तर सगळं सरकारचंच.
खोडलं.
उरला घरचा एक हातमाग, मोडका.
त्याच्यावर आईच्या कोंबड्या बसतात.

सरकारचं उत्तर आलं, अकरा पानांचं.
तुरुंग चालवणं हे सार्वभौम कार्य आहे,
त्यात घडल्या चुकीची भरपाई मागता येत नाही.
मी अर्थ विचारला.
ज्याच्या वर कोणी नसतो, असं, बाई म्हणाल्या.
बरं.
पण जाळी बसवायला किती सार्वभौम असावं लागतं?
दोन बोल्ट. एक पान्हा.
पुढच्या पानावर : वादी स्वतः कुशल विणकर असून
त्याने आपली काळजी घेणे अपेक्षित होते.
हेच तर म्हणत होतो मी.
दिवाळीआधी. दिवाळीनंतर.

पहिल्या खटल्यात पुकारा व्हायचा,
सरकार विरुद्ध यादगिरी नरसय्या चिप्पा.
या वेळी पट्टेवाल्याने
माझं नाव आधी घेतलं,
मग विरुद्ध, मग महाराष्ट्र शासन,
आणि त्याचा त्यालाच आवाज जरा खाली आला.
शासन आलं नव्हतं.
वकील आला होता, तारीख मागायला.
मिळाली.
मागच्या बाकावरून आईने तेलुगूत विचारलं,
काय म्हणाले?
मी म्हणालो, एप्रिल.

साहेब उठून आत गेले तेव्हा
खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल दिसला,
पांढरा, निळ्या काठाचा, आमच्या कारखान्यातला असावा.
काठाशी तुटल्या दोऱ्याची एक गाठ होती.
माझ्या हातची वाटली.
खात्री नाही.
खुर्ची लांब होती, बेडीचा दोर हवालदाराकडे,
आणि एका डोळ्याला
अंतर नीट कळत नाही.